ग्राफीनावरील ऑक्साइड-पटले आणि ‘दूरस्थ’ या विशेषणाची कसोटी

एका स्फटिकावर दुसरा स्फटिक वाढत असता वरच्याने खालच्याची अणुमांडणी उचलावी, या घटनेस एपिटॅक्सी म्हणतात. ‘वर’ आणि ‘मांडणी’ अशा अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांपासून हे नाव लुई रॉयर या फ्रेंच खनिजशास्त्रज्ञाने १९२८ साली घडविले. मांडणी उचलावयाची तर दोन स्फटिकांचा स्पर्श हवा, ही गोष्ट त्या नावातच गृहीत होती. २०१७ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील जीहवान किम यांच्या गटाने ‘नेचर’मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला, त्याने नेमके हे गृहीतच नाकारले. गॅलियम आर्सेनाइडच्या एकस्फटिकी फलकावर ग्राफीनाचा एकच थर पसरला, त्यावर पुन्हा गॅलियम आर्सेनाइड वाढविले, आणि वरच्या पटलाने मधल्या ग्राफीनाची नव्हे, तर त्याखाली झाकलेल्या फलकाची मांडणी घेतली, असा तो दावा होता. या प्रकारास ‘दूरस्थ एपिटॅक्सी’ हे नाव मिळाले. तीनच वर्षांत ही रीत ऑक्साइडांपर्यंत पोहोचली, आणि तेथून पुढे या विषयावरील निबंधांची संख्या झपाट्याने वाढली. त्या निबंधांत वर्णिलेली पटले उत्तम आहेत, याविषयी फारसा वाद नाही. वाद आहे तो ‘दूरस्थ’ या विशेषणाविषयी.

या रीतीचे व्यावहारिक आकर्षण उघड आहे. ग्राफीनाशी वरच्या पटलाची पकड दुबळी असते. म्हणून पटल अखंड सोलून काढता येते, महागडा फलक पुन्हा वापरता येतो, आणि ज्यांची जालके एकमेकांवर कधीच सुखाने वाढणार नाहीत अशा दोन पदार्थांची पटले सोलून एकावर एक रचता येतात. परंतु उपयोग ही एक गोष्ट आणि कारणमीमांसा ही दुसरी. पटल सोलून निघाले म्हणजे ते कसे वाढले हेही कळले, असे होत नाही. अलीकडील वाङ्मयात या दोहोंची सरमिसळ पुष्कळ ठिकाणी झालेली दिसते. ती निस्तरल्यावाचून या क्षेत्रात नव्याने उतरणाऱ्या अभ्यासकाने प्रयोगाची आखणी करू नये, हे उत्तम.

नांदेड-लातूरकडील वाचकास हा वाद दूरचा वाटण्याचा संभव आहे. अतिनिर्वात कक्ष, रेणुशलाका, स्पंदित लेसर ही सामग्री या भागातील पदव्युत्तर प्रयोगशाळांच्या नित्याच्या वापरातली नव्हे. येथील पातळ पटलांचे काम प्रामुख्याने द्रावणातून होत आले आहे : काचेचे बीकर, तापविण्याची तबकडी, क्षारांची द्रावणे, आणि उभी टांगलेली काचपट्टी. या परंपरेचे सामर्थ्य थोडे नाही. राजाराम माने आणि चंद्रकांत लोखंडे यांनी सल्फाइड व सेलेनाइड वर्गातील पटलांच्या रासायनिक निक्षेपणाचा जो विस्तृत आढावा २००० साली प्रसिद्ध केला, तो कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील कामाचे फळ होय. माने पुढे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात आले आणि द्रावणातून ऑक्साइड-पटले घडविण्याचे काम येथेही वाढले. अशा प्रयोगशाळेला ग्राफीनावरील एपिटॅक्सीशी काय कर्तव्य, हा प्रश्न २०१८ पर्यंत रास्त होता. त्या वर्षी दक्षिण कोरियातील एका गटाने ‘अप्लाइड फिजिक्स लेटर्स’मध्ये दाखविले की, गॅलियम नायट्राइडच्या फलकावर ग्राफीन पसरून त्यावर झिंक ऑक्साइडचे सूक्ष्म स्तंभ जलतापीय रीतीने, म्हणजे केवळ तापविलेल्या जलीय द्रावणातून, वाढविता येतात आणि तेही खालच्या फलकाशी दिशा जुळवून. या एका निबंधाने हा विषय बीकरच्या आवाक्यात आणला. म्हणूनच त्याची आणि त्याच्या भावंडांची चिकित्सा येथे करणे अगत्याचे ठरते.

प्रथम मूळ कल्पना. ग्राफीन म्हणजे कार्बन अणूंचे एकपदरी षट्कोनी जाळे. त्याची जाडी सुमारे ०.३४ नॅनोमीटर. एवढ्या पातळ पडद्यातून खालच्या स्फटिकाच्या विद्युत् वर्चसातील चढउतार वर झिरपू शकतात, ही कल्पना अशक्य मुळीच नाही. २०१७ च्या निबंधातील गणितानुसार फलक आणि पटल यांमधील अंतर सुमारे ९ अँगस्ट्रॉमपर्यंत असेल तोवर ही ओळख टिकते, आणि एवढ्या फटीत ग्राफीनाचा एक थर मावतो. त्याच गटाने २०१८ साली ‘नेचर मटेरियल्स’मध्ये याचा पुढचा टप्पा मांडला. फलकाचे बंध जितके अधिक आयनिक, तितके त्याचे वर्चस् अधिक दूर पोहोचते. सिलिकॉनसारख्या अध्रुवीय पदार्थाचे क्षेत्र एकाच थराने झाकले जाते; गॅलियम आर्सेनाइडचे एका थरातून, गॅलियम नायट्राइडचे दोन थरांतून आणि लिथियम फ्लुओराइडचे तीन थरांतून पलीकडे जाते. ही श्रेणी सुंदर आहे. एखाद्या सिद्धान्ताने केवळ ‘होते’ एवढेच न सांगता ‘कोठे होईल आणि कोठे थांबेल’ हेही सांगावे, अशी जी अपेक्षा असते ती येथे पुरी होते. ऑक्साइडे बहुधा बऱ्याच अंशी आयनिक असल्यामुळे ती या रीतीला विशेष अनुकूल ठरावीत, हा निष्कर्ष त्यातूनच निघतो. मात्र हे सर्व गणित निष्कलंक ग्राफीन गृहीत धरते. त्यात भेग नाही, मळ नाही, ग्राफीन आणि फलक यांमध्ये अडकलेले पाणी नाही. प्रत्यक्षात हाती येणारे ग्राफीन असे कधीच नसते, आणि सर्व वादाचे मूळ येथेच आहे.

ऑक्साइडांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, आणि ती घरगुती अनुभवाइतकी साधी आहे. तापलेला कार्बन ऑक्सिजनात जळतो. स्ट्राँशियम टायटॅनेटसारखे ऑक्साइड चांगले वाढविण्यास कित्येक शे अंश तापमान आणि ऑक्सिजन ही दोन्ही लागतात. म्हणजे ज्या पडद्यावर पटल वाढवावयाचे, तो पडदाच पटल वाढविण्याच्या प्रयत्नात नष्ट होण्याची भीती. या क्षेत्रातील उत्तम काम या एका अडचणीभोवती फिरते. किम यांचा गट आणि विस्कॉन्सिन विद्यापीठातील चांग-बोम ओम यांचा गट यांनी मिळून २०२० साली ‘नेचर’मध्ये स्ट्राँशियम टायटॅनेट, कोबाल्ट फेराइट आणि यिट्रियम-लोह गार्नेट अशा तीन भिन्न रचनांच्या ऑक्साइडांची सोललेली पटले सादर केली. तेथे स्पंदित लेसराचा उपयोग केलेला होता. ही लेसर-रीत महाराष्ट्रास अपरिचित नाही. १९८७ साली उच्च तापमानाच्या अतिवाहकांची पटले या रीतीने प्रथम बनली, तेव्हापासून ऑक्साइडांच्या अभ्यासात तिचे स्थान पक्के झाले. पुणे विद्यापीठात दीर्घकाळ काम केलेले सतीशचंद्र ओगले यांनी २००५ साली ऑक्साइड-इलेक्ट्रॉनिकीतील पातळ पटलांवर संपादित केलेला ग्रंथ आजही संदर्भासाठी उघडावा लागतो. तथापि लेसराच्या आघाताने उडालेले कण जोरकस असतात, आणि एकपदरी ग्राफीनावर ते येऊन आदळले म्हणजे त्यास इजा होण्याचा संभव नाकारता येत नाही. आरंभीचे थर अत्यल्प ऑक्सिजनात वाढवून ग्राफीनाचे रक्षण करावे आणि मग ऑक्सिजन सोडावा, असा उपाय या क्षेत्रात रूढ झाला आहे. तो उपाय शहाणपणाचा आहे. पण उपायाची गरज पडली हाच इजेच्या शक्यतेचा कबुलीजबाब होय.

या अडचणीवरील सर्वांत समाधानकारक उत्तर मिनेसोटा विद्यापीठातील भारत जलान यांच्या गटाने २०२२ साली ‘सायन्स अॅडव्हान्सेस’मध्ये दिले. त्यांनी टायटॅनियम हे मूलद्रव्य निराळे न देता टायटॅनियमच्या अशा सेंद्रिय संयुगाच्या रूपाने दिले की, ज्याच्या रेणूतच ऑक्सिजन आहे. स्वतंत्र ऑक्सिजन देण्याची गरजच उरली नाही, आणि ग्राफीन जळण्याचा मुख्य मार्ग बंद झाला. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यास ही युक्ती फार जवळची वाटेल. पूर्वद्रव्याची निवड बदलून पदार्थविज्ञानातील पेच सोडविण्याचा हा प्रकार बीकरमधील कामाच्या जातकुळीचाच आहे.

आता मुख्य आक्षेपाकडे वळता येईल. तोही विस्कॉन्सिन विद्यापीठातूनच आला, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. जेसन कावासाकी यांच्या गटाने २०२२ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये गॅलियम अँटिमोनाइडच्या वाढीचा काही अणुथरांच्या अंतराने, पायरीपायरीने माग काढला. त्यांना दिसले ते असे : ग्राफीनात नॅनोमीटर मापाची सूक्ष्मरंध्रे असतात, वाढ त्या रंध्रांतून, उघड्या पडलेल्या फलकावर सुरू होते, मग स्फटिक रंध्रातून वर येऊन ग्राफीनावर आडवा पसरतो, शेजारच्या रंध्रांतून आलेले स्फटिक एकमेकांस मिळतात आणि अखंड पटल तयार होते. सर्वांचा उगम एकाच फलकातून असल्यामुळे सर्वांची दिशा एकच. दूरस्थ परिणामाची या खुलाशात कोठेही आवश्यकता पडत नाही. आणि रंध्रे इतकी लहान असतात की, असे पटल सोलूनही अखंड निघते.

उदगीरच्या किंवा कंधारच्या किल्ल्याच्या तटावर पिंपळ उगवलेला ज्याने पाहिला आहे, त्यास ही गोष्ट सहज उमजेल. दुरून पाहता झाड दगडावर वाढल्यासारखे वाटते. दगडाने झाडास पोसले, असा सिद्धान्तही मांडता येईल. जवळ जाऊन पाहिले म्हणजे चिऱ्यांमधील सांध्यात मूळ दिसते. मात्र कावासाकी यांच्या निबंधाचा अर्थ लावताना एक पथ्य पाळले पाहिजे. एका पदार्थात, एका तऱ्हेने चढविलेल्या ग्राफीनावर रंध्रांतून वाढ झाली, एवढे त्याने सिद्ध केले. तत्सम पदार्थांतही असे घडत असावे, ही त्याच्या लेखकांची अपेक्षा आहे. ऑक्साइडांविषयी तो निर्णय देत नाही. पण सिद्धतेचा भार कोणावर, हे त्याने पालटले. पूर्वी शंका घेणाऱ्याने रंध्रे दाखवावी लागत. आता दावा करणाऱ्याने रंध्रे नाहीत हे, किंवा असूनही ती वाढीस कारण नाहीत हे, दाखविले पाहिजे.

ते दाखविणे कठीण आहे. प्रचलित पुरावे एकेक करून तपासले असता त्यांपैकी बहुतेक दोन्ही खुलाशांशी सारखेच जुळतात. पटल सोलून निघणे हा पुरावा नव्हे, कारण रंध्रांतून वाढलेले पटलही सोलून निघाले. पटलाची दिशा फलकाशी समांतर असणे हाही पुरावा नव्हे, कारण रंध्रातील बीज फलकावरच रुजलेले असते. रामन वर्णपटातील दोषदर्शक पट्टा क्षीण असणे यास निबंधांतून फार महत्त्व दिले जाते. पण लेसराचा ठिपका सुमारे एक मायक्रोमीटर रुंदीचा, आणि दहा नॅनोमीटर व्यासाचे एक रंध्र म्हणजे एका चौरस मायक्रोमीटरचा जेमतेम १३,००० वा भाग. एवढ्याशा छिद्राची कुजबुज त्या वर्णपटात ऐकू येणार नाही. आणि पटलास दिशा देण्यास मात्र चौरस मायक्रोमीटरमागे असे एखादे छिद्रही पुरेसे असू शकते. छेद घेऊन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने ग्राफीन अखंड दाखविणारी चित्रे अधिक बोलकी असतात खरी, पण तो छेद काही शे नॅनोमीटर लांबीचा. न दिसलेल्या रंध्रावरून रंध्र नाही असे म्हणण्यास तेवढी लांबी अपुरी पडते.

यातही दुबळी परीक्षा म्हणजे एकाच पदार्थावर तोच पदार्थ वाढविण्याची. स्ट्राँशियम टायटॅनेटवर स्ट्राँशियम टायटॅनेट वाढविले, तर दोन्ही मार्गांनी निघणारे फळ एकच. अशा पटलाचे गुणधर्म कितीही उत्कृष्ट असोत, कारणाविषयी ते मुके राहते. ऑक्साइडांवरील वाङ्मयातील ज्या प्रयोगांचा उदोउदो अधिक झाला, त्यांतील कित्येक याच जातीचे आहेत, हे खेदाने नमूद करावे लागते.

जेथे दोन मार्ग भिन्न फळे देतील अशी जागा शोधणे, हाच खरा उपाय होय. ती जागाही कावासाकी यांच्याच गटाने २०२२ साली ‘नॅनो लेटर्स’मध्ये दाखविली, आणि आक्षेप घेणाऱ्यानेच प्रतिपक्षाचा उत्तम पुरावा शोधून द्यावा, ही या शास्त्राच्या आरोग्याची खूण म्हणावी लागेल. गॅडोलिनियम, प्लॅटिनम आणि अँटिमनी यांचे एक ह्युस्लर संयुग त्यांनी स्वच्छ ग्राफीन चढविलेल्या सफायरवर वाढविले. थेट सफायरवर त्याची जी दिशा असते, तिच्याशी ३० अंशांनी वळलेली स्फटिकक्षेत्रे त्यात आढळली. रंध्रातून वाढ झाली असती तर दिशा सफायरवरील थेट वाढीसारखी असती, ग्राफीनाशी केवळ व्हॅन डर वाल्स जुळणी असती तरीही हे वळण निघत नाही. शिवाय वाढीचे तापमान कमी केले की वळलेल्या क्षेत्रांचे प्रमाण वाढले. याचा अर्थ त्यांनी असा लावला की, कमी तापमानात पृष्ठावरील अणूंची हालचाल मंदावते, ते रंध्रांपर्यंत पोहोचण्यापूर्वीच जागच्या जागी स्थिरावतात आणि दूरस्थ परिणामास वाव मिळतो. ऑक्साइडांसाठी इतका स्वच्छ ठसा मिळविणे हे आजचे खरे काम आहे.

कमी तापमानाचा हा मुद्दा वाचताना द्रावणातील रीतीची आठवण होणे स्वाभाविक आहे. जस्ताचा क्षार आणि हेक्झामिथिलीनटेट्रामीन यांच्या जलीय द्रावणातून झिंक ऑक्साइड वाढते ते सामान्यतः १०० अंश सेल्सिअसच्या आत. त्या तापमानात ग्राफीन जळत नाही. फलक तापविताना ग्राफीनाखाली अडकलेली द्रव्ये बाहेर पडून जी नवी रंध्रे निर्माण होतात, त्यांचेही प्रमाण येथे कमी राहावे. अतिनिर्वात कक्षात जी दक्षता कष्टाने घ्यावी लागते, ती पाण्यात अंशतः आपोआप घेतली जाते. बीकर ही गरिबाची तडजोड आहे, असे या प्रश्नापुरते तरी म्हणता येत नाही. अर्थात पाण्याचा स्वतःचा एक दुर्गुण आहे : ग्राफीनातील प्रत्येक चिरेतून ते आत शिरते आणि खालच्या फलकापर्यंत जस्ताचे आयन पोहोचविते. शिवाय द्रावणात आयन सर्व पृष्ठावर एकाच वेळी येत असतात; निर्वातातील पृष्ठप्रवासाचा नियम तेथे जसाच्या तसा लावता येणार नाही.

येथे येथील प्रबंधांच्या भाषेतील एका शब्दाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. रासायनिक रीतीने बनविलेल्या पटलांच्या वर्णनात ‘स्फटिकमय’ हा शब्द फार सैलपणे येतो. क्ष-किरण विवर्तनात चार टोकदार शिखरे दिसली की पटल स्फटिकमय. त्यांतील एक शिखर विशेष उंच असले की ‘उच्च दर्जाचे स्फटिकमय’. वस्तुतः या एका शब्दाखाली तीन निराळ्या अवस्था दडलेल्या असतात. असंख्य कण वाटेल त्या दिशेने पडलेले असतील ते बहुस्फटिक; सर्व कण उभ्या अक्षात जुळलेले, पण आडव्या प्रतलात मोकाट, ते एकाक्षी दिशाबद्ध; आणि दोन्ही अक्षांत जुळलेले ते खरे एपिटॅक्सीय. निजामाच्या राजवटीत उस्मानिया विद्यापीठाने शास्त्रे उर्दूतून शिकविली, १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ आले, १९९४ साली नांदेडचे विद्यापीठ झाले. या भागातील शास्त्रीय परिभाषेने बरीच स्थित्यंतरे पाहिली. त्या खटपटीत नवे शब्द घडविण्याकडे जितके लक्ष गेले, तितके रूढ शब्दांच्या सीमा आखण्याकडे गेले नाही.

झिंक ऑक्साइडच्या बाबतीत हा सैलपणा घातक ठरतो. या पदार्थाचा स्वभावच असा की, तो जवळजवळ कोणत्याही पृष्ठावर आपला षट्कोनी अक्ष उभा ठेवून वाढू पाहतो. अनुकूल परिस्थितीत साध्या काचेवरसुद्धा. म्हणून तांब्याच्या के-अल्फा किरणांत ३४.४ अंशांपाशी येणारे त्याचे ००२ शिखर कितीही उंच आले, तरी फलकाशी काही नाते जुळल्याचे त्यातून सिद्ध होत नाही. त्यात भर अशी की, गॅलियम नायट्राइडचे तेच शिखर ३४.६ अंशांच्या किंचित अलीकडे येते. फलकाच्या प्रचंड शिखराच्या कुशीत पटलाचे शिखर लपून जाते. नेहमीचे चूर्ण-विवर्तनमापक केवळ पृष्ठाशी समांतर प्रतले पाहते. आडव्या प्रतलातील जुळणी पाहण्यास नमुना स्वतःभोवती फिरविणारे उपकरण लागते, आणि ते सर्वत्र नसते. इतके असूनही निराश होण्याचे कारण नाही. झिंक ऑक्साइडचे स्तंभ षट्कोनी असतात आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात त्यांच्या कडा स्पष्ट दिसतात. काही शे स्तंभांच्या कडांचे कोन मोजून त्यांचा आलेख काढला, तर दिशा जुळली आहे की नाही, हे कोणत्याही महागड्या विवर्तनमापकावाचून कळते. कोन सर्व दिशांत सारखे विखुरले तर जुळणी नाही. दर साठ अंशांनी एकाच ठिकाणी गोळा झाले तर आहे.

२०१८ च्या कोरियन निबंधाचे खरे बळ याच निरीक्षणात आहे : स्तंभांच्या कडा खालच्या गॅलियम नायट्राइडशी जुळतात. झिंक ऑक्साइडचे जालकमान ३.२५ अँगस्ट्रॉम, गॅलियम नायट्राइडचे ३.१९; फरक दोन टक्क्यांच्या आत. ग्राफीनाचे २.४६. तांब्याच्या पत्र्यावर वाढविलेले ग्राफीन बहुधा अनेक दिशांच्या तुकड्यांचे बनलेले असते. त्यामुळे स्तंभांनी दिशा ग्राफीनाकडून घेतली असती, तर तुकड्यागणिक ती बदलली असती. ती सर्वत्र एकच राहिली तर ग्राफीन हा साचा नव्हे, हे नक्की होते. येथवर युक्तिवाद निर्दोष आहे. परंतु रंध्रांचा प्रश्न त्याने सुटत नाही. रंध्रातून उगवलेला स्तंभही गॅलियम नायट्राइडशीच जुळणार. निबंध कावासाकी यांच्या आक्षेपाच्या चार वर्षे आधीचा आहे, हे त्याच्या बाजूने सांगता येईल. आज त्याचा आधार घेणाऱ्यास मात्र ती सवलत मिळू नये.

ग्राफीन कोठून आणावयाचे, हा प्रश्न येथे गौण नाही. तांब्याच्या पत्र्यावर मिथेन वायूपासून सुमारे १,००० अंशांवर ते वाढवितात, मग वर बहुवारिकाचा लेप देऊन तांबे विरघळवितात आणि उरलेला पापुद्रा पाण्यावरून फलकावर उचलून घेतात. तांबे विरघळविणारी द्रावणे आम्लधर्मी असतात. झिंक ऑक्साइड आम्लात आणि अल्कलीतही विरघळते, तेव्हा फलक म्हणून त्याऐवजी गॅलियम नायट्राइड घेणे सोयीचे. पापुद्रा आयनमुक्त पाण्याने पुन्हा पुन्हा धुवावा लागतो; २०१६ च्या उन्हाळ्यात ज्या लातुरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथील प्रयोगशाळेस ही बाब क्षुल्लक वाटणार नाही. लेपाचे अवशेष, मधे अडकलेले पाणी, उचलताना पडलेल्या सुरकुत्या या सर्वांतूनच रंध्रे आणि चिरा जन्म पावतात. म्हणून ग्राफीन ‘विकत घेतले’ एवढ्या उल्लेखावर भागविणारा निबंध या विषयात अपुरा समजला पाहिजे. ते कसे उचलले, किती धुतले आणि किती तापविले, हे प्रयोगाचे अंग आहे.

कापरापासूनही ग्राफीन मिळते. प्रकाश सोमाणी, सविता सोमाणी आणि मासायोशी उमेनो यांनी २००६ साली ‘केमिकल फिजिक्स लेटर्स’मध्ये कापराच्या वाफेपासून निकेलवर ग्राफीनाचे सपाट पापुद्रे बनविल्याचे प्रसिद्ध केले, या प्रकारच्या अगदी पहिल्या प्रयत्नांत त्याची गणना होते. पण त्या पापुद्र्यात थर सुमारे ३५ होते. दूरस्थ एपिटॅक्सीच्या दृष्टीने ही जाडी निरुपयोगी, असे कोणीही म्हणेल, कारण गॅलियम नायट्राइडचे क्षेत्र दोन थरांपलीकडे जात नाही.

वस्तुतः तिची उपयुक्तता त्या निरुपयोगीपणातच आहे. एकाच गॅलियम नायट्राइडच्या तुकड्याचा एक भाग उघडा ठेवावा, दुसऱ्यावर एकपदरी ग्राफीन, तिसऱ्यावर तेच ग्राफीन ऑक्सिजन-प्लाझ्माने मुद्दाम सच्छिद्र केलेले, चौथ्यावर जाड बहुपदरी पापुद्रा. आणि सोबत काचेवर चढविलेल्या ग्राफीनाचा एक तुकडा त्याच बीकरमध्ये, त्याच वेळी बुडवावा. काचेवरील स्तंभांना सर्व तुकड्यांवर समान अशी दिशा नसावी. तेथेही ती निघाली तर मोजणीतच दोष आहे. सच्छिद्र भागावर स्तंभांची दाटी छिद्रांच्या प्रमाणात वाढली आणि एकपदरी भागावरील स्तंभही विरळ, ठिपक्याठिपक्यांनी उगवले, तर खुलासा रंध्रांचा. दोन्ही भागांवर दाटी सारखीच राहिली, तर दूरस्थ परिणामाचे पारडे जड होते, पण निर्णय तेवढ्यावर देता येत नाही. निर्णय जाड पापुद्र्यावर होईल. त्यातून कोणतेही वर्चस् वर येणे शक्य नाही. तेथील स्तंभांच्या कडा विस्कळीत दिसल्या आणि एकपदरी भागावरील मात्र जुळलेल्या राहिल्या, तर ‘दूरस्थ’ या विशेषणास द्रावणातील ऑक्साइडापुरता आधार मिळतो. जाड पापुद्र्यावरील कडाही गॅलियम नायट्राइडशी जुळल्या, तर पाणी चिरांतून खाली उतरले आहे, आणि एकपदरी भागावरील जुळणीचा अर्थही तोच लावावा लागेल.